मोघम तक्रारीचे निवारण

तक्रार करणे हा मनुष्याचा स्वभाव असला, तरी नेमकी तक्रार करणे हा मात्र त्याचा स्वभाव नव्हे, हे सत्य मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर सबंध नोकरी घालवूनही मला जितके उमगले नव्हते, तितके ते सेवानिवृत्तीनंतर एका मोटारसायकलीच्या मागच्या शॉकअपने उमगवून दिले. कचेरीत अर्जदार येई, ‘आमच्यावर घोर अन्याय झाला असून त्याची दाद लागावी’ एवढे लिही, खाली सही करी किंवा अंगठा उठवी आणि समाधानाने गावी परत जाई. अन्याय कोणी केला, केव्हा केला आणि कोणत्या गट नंबरात केला, याविषयी त्या कागदावर चकार शब्द नसे, आणि आम्हीही तितक्याच मोघमपणे ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ असे उत्तर धाडून प्रकरण दप्तरदाखल करीत असू. उभयपक्षी कोणाचे काही बिघडत नसे. परंतु या जगात एक विद्या अशीही आहे, की जिच्या दरबारी मोघम तक्रार दाखलच करून घेतली जात नाही. आणि ती म्हणजे दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून आणि शेतांच्या बांधांवरून पळवावयाच्या मोटारसायकलीचे डॅम्पिंग जुळवणे.

या विद्येशी माझा संबंध माझ्या पुतण्यामुळे आला. डांबरी रस्ता संपला की ज्यांचे चेहरे उजळतात आणि सुरू झाला की उतरतात, अशा तरुणांचा एक पंथ अलीकडे निर्माण झाला आहे, त्याचा तो निष्ठावंत अनुयायी. त्याची गाडी इतकी उंच आहे, की तिच्यावर आरूढ होण्यासाठी तो ती प्रथम अंगणातल्या ओट्याशी नेऊन लावतो. तिच्या पुढच्या फोर्कवर आणि मागच्या शॉकअपवर खाच असलेले बारीक बारीक स्क्रू असून ते चपट्या स्क्रूड्रायव्हरने फिरवले असता ‘कट्’ असा नाजूक आवाज करतात. या आवाजास क्लिक म्हणतात. ज्याच्या गाडीस असे स्क्रू नसतात तो मनुष्य रस्त्यास दोष देऊन सुखाने झोपतो. ज्याच्या गाडीस असतात, त्याला मात्र प्रत्येक धक्क्यागणिक ही जाणीव होत राहते, की हा धक्का आपल्याला टाळता आला असता.

विषयाचे मूळ अगदी साधे आहे. चाकाखाली दगड आला की चाक वर उचलले जाते आणि स्प्रिंग दबते. दगड सरला की दबताना घेतलेली शक्ती स्प्रिंग जवळजवळ पैन्‌पै परत करते. स्प्रिंगचा हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधला. परंतु तो दुसऱ्या कोणी आपल्या नावावर खपवू नये म्हणून १६७६ मध्ये त्याने तो छापला तो मूळ लॅटिन वाक्याची चौदा अक्षरे वर्णानुक्रमाने मांडून, म्हणजे कोणालाही अर्थबोध होणार नाही अशा बेताने, आणि ‘जितका ताण तितका जोर’ हा त्याचा उलगडा केला तो १६७८ मध्ये. हूकसाहेबांची ही परंपरा सस्पेन्शनवाल्या मंडळींनी आजतागायत निष्ठेने चालवली आहे. शर्यतीत पहिल्या आलेल्या स्वारास ‘तुमचे क्लिक किती?’ असा प्रश्न करून पाहावा. तो अत्यंत सौजन्याने पावसापाण्याविषयी बोलू लागतो.

स्प्रिंगच्या ठायी प्रामाणिकपणा आहे, पण संयम नाही. तिला मोकळे सोडले तर ती घेतलेला धक्का परत करते, परत केलेला पुन्हा घेते, आणि दगड मागे राहून फर्लांगभर झाला तरी स्वाराचे वरखाली होणे थांबत नाही. तिला आवर घालण्यासाठी शॉकअपच्या नळकांड्यात तेल भरलेले असते. त्या तेलातून एक दट्ट्या मागेपुढे सरकतो, दट्ट्याला भोके असतात, आणि त्या भोकांवर शिम नावाच्या पोलादी चकत्यांची एक चळत बसवलेली असते. त्यांतल्या कित्येक चकत्या अवघ्या ०.१० किंवा ०.१५ मिलिमीटर जाडीच्या. तेलास पलीकडे जावयाचे तर या चकत्यांना वाकवूनच जावे लागते. पुतण्याने हे सर्व मला कागदावर आकृती काढून समजावून दिले, तेव्हा त्या आकृतीत मला माझी कचेरी जशीच्या तशी दिसली. तेल म्हणजे अर्जदार आणि शिम म्हणजे खिडकीवरचा कारकून. अर्जदार संथपणे एकेक आले तर कारकून तसूभरही हलत नाही आणि चाणाक्ष मंडळी बाजूच्या लहान दारातून आत सटकतात. हे बाजूचे दार किती उघडे ठेवावयाचे, ते ठरवणारा अधिकारी म्हणजे क्लिकचा स्क्रू. परंतु एकदम जमाव लोटला, की कारकून प्रसंग ओळखून वाकतो आणि सर्वांस वाट देतो. या खटाटोपात अर्जदाराचा मूळचा आवेश उष्णतेत रूपांतरित होऊन हवेत विरून जातो. डॅम्पिंग म्हणतात ते हेच. आणि ते आम्ही कोणत्याही तेलाच्या साहाय्याशिवाय आयुष्यभर करीत आलो होतो.

चाक वर जाताना होणाऱ्या विरोधास कॉम्प्रेशन आणि खाली परतताना होणाऱ्या विरोधास रिबाऊंड म्हणतात. मी त्यांस अनुक्रमे आवक आणि जावक म्हणू लागलो, आणि पुतण्याचे मित्रही हसत हसत तेच म्हणू लागले. ज्या काळी दट्ट्यास नुसतीच भोके असत, त्या काळी फार अडचण होई. भोकाचा न्याय मोठा विक्षिप्त आहे. तेलाचा वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. म्हणजे जेथे लगाम हवा तेथे अशा फोर्कने ढिले पडावे आणि जेथे वाट द्यावयास हवी तेथे एकाएकी ताठून बसावे. चकत्यांची चळत आली ती या हडेलहप्पीवर उपाय म्हणून.

हा सगळा बारकावा पूर्वी नव्हता. इंग्लंडात कॅम्बर्लीच्या माळावर १९२४ मध्ये झालेल्या ज्या शर्यतीस मोटोक्रॉसची, म्हणजे खडबडीत मातीवरच्या मोटारसायकल-शर्यतींची, जननी समजतात, तिच्या काळच्या बहुतेक गाड्यांना मागे स्प्रिंगच नसे आणि मागच्या सस्पेन्शनचे संपूर्ण कार्य स्वाराच्या गुडघ्यांकडे सोपवलेले असे. १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या आर १२ या गाडीस तेलाने आवरलेला टेलिस्कोपिक फोर्क दिला. तरीही १९७० च्या सुमारास मोटोक्रॉसच्या गाडीचे मागचे चाक वरखाली हले ते जेमतेम चार इंच. पुढे ल्यूसियाँ तिल्केन्स नावाच्या बेल्जियन अभियंत्याने मागचे दोन उभे शॉकअप काढून टाकून आसनाखाली एकच लांब शॉकअप निजवला, यामाहाने ती कल्पना उचलली, आणि १९७३ मध्ये हाकान आंदरशॉन हा स्वीडिश स्वार तिच्या जोरावर २५० सीसी वर्गात जगज्जेता झाला. त्याच स्वीडनमध्ये केंट ओलिन याने १९७६ मध्ये शॉकअपचा कारखाना काढला आणि दोनच वर्षांत त्याचे शॉकअप लावलेल्या केटीएमवरून गेन्नादी मोइसेयेव या सोव्हिएत स्वाराने त्याच वर्गाचे जगज्जेतेपद पटकावले. आज मोटोक्रॉसचे चाक सुमारे ३०० मिलिमीटर हलते. आणि आपल्याकडे हीरोच्या एक्सपल्स २०० ४व्ही प्रो या गाडीचे पुढचे चाक २५० आणि मागचे २२० मिलिमीटर हलत असून बसण्याची जागा जमिनीपासून ८९१ मिलिमीटर उंचावर गेली आहे. चाकाला हलावयास जसजशी जागा मिळत गेली, तसतशी स्वाराला तक्रारीस जागा मिळत गेली, हा या अर्धशतकाच्या प्रगतीचा सारांश होय.

डॅम्पिंग जुळवावयाचे म्हणजे एकदम स्क्रूला हात घालावयाचा, अशी माझी समजूत होती. वस्तुतः पहिले काम वजन सांगण्याचे असते, आणि पुष्कळांची साधना याच पहिल्या पायरीवर खुंटते. स्वार सर्व सरंजामासह गाडीवर बसला असता मागचे सस्पेन्शन जेवढे खाली बसते त्यास सॅग म्हणतात. ही सॅग चाकाच्या एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश असावी, म्हणजे ३०० मिलिमीटरवाल्या मोटोक्रॉसच्या गाडीस १०० ते १०५ आणि २२० मिलिमीटरवाल्या गाडीस ७० च्या आसपास, असा दंडक आहे. ती जमत नसेल तर स्प्रिंगच बदलावी लागते, आणि कोणती स्प्रिंग घ्यावयाची ते स्वाराच्या वजनावरून ठरते. सॅग मोजण्यास तीन माणसे लागतात. एकाने बसावयाचे, दुसऱ्याने गाडी तोलून धरावयाची आणि तिसऱ्याने मागच्या चाकाच्या आसापासून शेपटावर केलेल्या खुणेपर्यंत फीत धरून आकडा वाचावयाचा. जमिनीची मोजणी माझ्या नोकरीच्या परिसरातील असल्याने तिसऱ्या जागेवर माझी बिनविरोध नेमणूक झाली.

त्या सकाळी आमचे अंगण पाहण्यासारखे होते. भर वैशाखात पुतण्या शिरस्त्राण, छातीवर कवच, कोपरांना व गुडघ्यांना ढाली, पोटरीच्याही वर चढणारे बूट आणि पाठीवर पाण्याने भरलेली पिशवी अशा थाटात, एका जागी उभ्या असलेल्या मोटारसायकलीवर निश्चल बसला होता. मित्राने हँडल धरले होते. आणि मी उकिडवा बसून फितीचा आकडा वाचीत होतो. आकडा शंभराच्या घरात गेला. दंडक सत्तरीचा, स्प्रिंग नवी आणि स्वाराने सांगितलेल्या वजनास अनुसरून मागवलेली, तेव्हा ही तूट कोठून आली याचा तपास सुरू झाला.

“वजन किती धरलं होतंस?” मित्राने विचारले.

“बहात्तर.”

एवढ्यात आमच्या सौभाग्यवती चहाचे कप घेऊन बाहेर आल्या होत्या. “अरे, बहात्तर तू कॉलेजात होतास,” त्या म्हणाल्या, “आणि तेव्हासुद्धा उपाशीपोटी.”

घरातला वजनकाटा बाहेर आणण्यात आला. सरंजामासह काटा अठ्ठ्याण्णवावर जाऊन स्थिरावला. पुतण्याने पाण्याची पिशवी काढून ठेवण्याची परवानगी मागितली, ती नामंजूर झाली; बूट भिजलेले असल्याची सबब पुढे केली, तीही फेटाळण्यात आली. या विद्येत परिसापेक्षा काटा श्रेष्ठ मानतात, कारण तो स्वाराचे सोने करीत नाही, पण त्याला खरे बोलावयास लावतो. स्प्रिंग बदलण्यात आली, सी आकाराच्या पान्याने प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवावयाची ते ठरवणारी, कडी फिरवताना मित्राच्या बोटांची साले निघाली, आणि अखेरीस सत्तराच्या अलीकडेपलीकडे सॅग बसली. स्क्रूला स्पर्श करण्याचा अधिकार आम्हांस आता कोठे प्राप्त झाला.

क्लिक मोजण्याची रीत अशी, की स्क्रू उजवीकडे फिरवीत फिरवीत हळुवारपणे पूर्ण बंद करावयाचा आणि तेथून डावीकडे उघडताना क्लिक मोजावयाचे. बंद म्हणजे विरोध जास्त, उघडा म्हणजे कमी. नियम इतका सोपा असल्यामुळेच तो कोणी पाळीत नाही. पुतण्याचा एक मित्र क्लिक मोजतो ते पूर्ण उघड्या स्थितीपासून आत. दुसरा मोजतो ते आज सकाळी होते तेथून. आणि तिसरा मुळीच मोजीत नाही, ‘अंदाज येतो’ असे म्हणतो. ‘माझे बारा आहेत’ असे तिघेही सांगतात. शिवाय क्लिकला एकक नाही. एका गाडीच्या दोन क्लिकांनी जो फरक पडतो तो दुसऱ्या गाडीच्या सहा क्लिकांनी पडत नाही, आणि तरीही सांगलीच्या स्वाराने सांगितलेला आकडा कोल्हापूरचा स्वार वेगळ्या गाडीवर, वेगळ्या स्प्रिंगवर आणि वेगळ्या देहयष्टीनिशी श्रद्धेने लावतो आणि आठवडाभर ‘फरक जाणवतो’ असे म्हणतो. फरक जाणवतो यात शंका नाही.

एका मित्राच्या परदेशी गाडीस मंदगती आणि शीघ्रगती असे कॉम्प्रेशनचे दोन वेगळे स्क्रू आहेत. हा मित्र मोठा सावधपणे चालवणारा. त्याच्या गाडीने ताशी चाळीस किलोमीटरची मर्यादा कधी ओलांडल्याचे कोणी पाहिलेले नाही. म्हणून शीघ्रगतीचा स्क्रू आपल्यासाठी नव्हेच असे समजून त्याने तो कधी फिरवला नव्हता. वास्तविक ही गती गाडीची नसून शॉकअपच्या दट्ट्याला जोडलेल्या दांड्याची असते. उभ्या कडेच्या दगडावर गाडी पायी चालण्याच्या वेगाने चढली तरी दांडा क्षणार्धात आत घुसतो, आणि लांबलचक सौम्य खळग्यातून भरधाव गेले तरी तो सावकाश सरकतो. हे कळल्यावर त्या मित्राच्या मुद्रेवर जे तेज आले, ते वर्णनातीत होते. आपण इतके दिवस शीघ्रगतीने जात होतो आणि आपल्याला त्याची कल्पनाही नव्हती, असा त्याने त्याचा अर्थ लावला.

सल्ल्याची टंचाई या क्षेत्रात कधीच भासत नाही. एक पक्ष ‘सगळे मऊ करा’ असे म्हणतो आणि दुसरा ‘सगळे कडक करा’ असे. तिसरा मध्यममार्गी पक्ष ‘कंपनीने ठेवले होते तेथे परत न्या’ असे सुचवतो, परंतु कंपनीने कोठे ठेवले होते ते तोवर कोणालाच आठवत नसते. चौथा पक्ष तेलवाद्यांचा. पाच नंबरचे तेल काढून दहा नंबरचे घाला, हा त्यांचा एककलमी कार्यक्रम असून, दोन कंपन्यांच्या बाटल्यांवर एकच नंबर असला तरी आतले तेल सारखेच दाट असते असे नाही, ही गोष्ट ते मनावर घेत नाहीत. आमच्या नाक्यावरचे मेस्त्री मात्र यांपैकी कोणत्याच पक्षात नाहीत. ते हात पुसून येतात, आसनावर तळवा ठेवून गाडी एकदा दाबतात, सोडतात, मान वाकडी करून ती कशी वर येते ते पाहतात आणि “तेल गळत नाही ना? मग चालवा,” असे म्हणून निघून जातात. त्यांच्या गाडीविषयी त्यांची तक्रार असल्याचे मी कधी ऐकले नाही.

प्रत्यक्ष चाचणीसाठी मंडळींनी लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणारी वाट निवडली, आणि ‘काका, तुमचं अक्षर चांगलं आहे’ या सबबीखाली मलाही एका मोटारीत घालून नेले. वाटेचा एकच तुकडा ठरवावयाचा, दर खेपेस त्याच तुकड्यावरून जावयाचे, एका वेळी एकच स्क्रू फिरवावयाचा आणि परिणाम वहीत टिपावयाचा, असा या शास्त्राचा दंडक आहे. मी झाडाखाली सतरंजी टाकून बसलो आणि वहीत अनुक्रमांक, बदल, परिणाम व शेरा असे चार रकाने आखले. टायरमधली हवा पहिल्या ओळीत नोंदली, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करून शॉकअपवर खटला भरणारे लोक पुष्कळ असतात.

पुतण्या दगडांच्या त्या पट्ट्यावरून जाऊन धुळीने माखून परत आला आणि शिरस्त्राणाची काच वर करून म्हणाला, “काका, लिहा. कडक आहे.”

“काय कडक आहे?”

“सगळंच.”

“अशी नोंद होत नाही,” मी म्हणालो. “कोणतं चाक?”

त्याने विचार केला. “मागचं.”

मित्रमंडळाने एकमुखाने कॉम्प्रेशन मऊ करण्याचा ठराव केला. दोन क्लिक उघडण्यात आले. पुतण्या पुन्हा गेला, पुन्हा आला आणि पूर्वीपेक्षाही खिन्नपणे म्हणाला, “आणखी कडक झालं.” मऊ केल्याने वस्तू कडक व्हावी, हा चमत्कार पाहून मंडळी स्तंभित झाली, आणि तेलवाद्यांनी ही संधी साधून बाटलीचा विषय काढला. मला मात्र सरकारी नोकरीत अशा गोष्टींचे आश्चर्य वाटेनासे झाले होते. मी विचारले, “पहिल्या दगडाला कडक लागतं, की पाचव्या?”

असा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. तो काही न बोलता परत गेला, आणि या वेळी दगड मोजीत आला. “पहिला काहीच लागत नाही,” तो म्हणाला, “दुसरा ठीक. चौथ्या-पाचव्यापासून पाठीत बसायला लागतात.”

तेव्हा माझ्यापुरता या प्रकरणाचा निकाल लागला. आवक वाजवी होती. तुंबली होती ती जावक. रिबाऊंडचे दार इतके बंद होते, की पहिल्या दगडाने दबलेले चाक पुरते खाली येण्यापूर्वीच दुसरा दगड दाखल होत होता, दुसऱ्याचा फैसला होण्यापूर्वी तिसरा येत होता, आणि पाचव्यापर्यंत इतकी थकबाकी साचत होती, की शॉकअपकडे हलावयास जागाच उरत नव्हती. अशा स्थितीत आवकीचे दार आणखी उघडणे म्हणजे तुंबलेल्या कचेरीत जास्तीचे अर्ज स्वीकारणे; कडकपणा वाढावयाचाच. रिबाऊंड दोन क्लिक उघडण्यात आले, कॉम्प्रेशन होते तेथे परत नेण्यात आले, आणि पुतण्या परतला तो शिरस्त्राणाच्या आतूनच काहीतरी ओरडत. ते शब्द नोंदण्यायोग्य नव्हते, परंतु आनंदाचे होते.

अर्थात एवढ्यावर थांबेल तो तरुण कसला. दोन क्लिकांनी एवढे सुख, तर सहा क्लिकांनी किती, या हिशेबाने त्याने दार सताड उघडले, आणि पुढच्याच खेपेस एका पायरीवजा खडकावरून उतरताना मागचे चाक जे उसळले, ते त्याला हँडलवरून पुढचा प्रदेश अगदी जवळून दाखवून मग खाली आले. “मागून लाथ मारते,” अशी तक्रार त्याने आणली. ही तक्रार स्थळ, काळ व चाक यांसह परिपूर्ण असल्यामुळे मी ती तात्काळ दाखल करून घेतली आणि दार पूर्ववत लोटण्याचा हुकूम झाला. दुपारी ऊन चढल्यावर पुन्हा कुरबूर सुरू झाली. या खेपेस दोष कोणाचाच नव्हता. एकसारखा मार खाऊन तेल तापले होते, तापले की ते पातळ होते आणि पातळ झाले की त्याचा विरोध मंदावतो. शॉकअपच्या लहान डब्यात नायट्रोजन दाबून भरलेला असतो, तो तेलाला फेस येऊ देत नाही एवढेच. उन्हाळ्याचा हिवाळा करणे त्याच्याही अधिकाराबाहेरचे आहे. सकाळचे न्याय्य सेटिंग दुपारी अन्याय्य ठरते, हे ऐकून पुतण्या विषण्ण झाला. मी मात्र शेऱ्याच्या रकान्यात ‘उन्हामुळे’ असे लिहून ओळ आखली.

परतीच्या वाटेवर मंडळींत नवाच वाद पेटला. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीच्या क्रीडासंकुलात माती टाकून, उंचवटे रचून सुपरक्रॉसची शर्यत भरली होती, ती पाहून आलेल्या एका मित्राचे म्हणणे असे, की दगडांसाठी मऊ केलेली ही गाडी उंच उडी मारून खाली आली, तर बुडाशी धाडकन आपटेल. ते खरेच होते. उडीसाठी जो करारीपणा हवा तो दगडांवर छळ करतो, आणि दगडांवर जी मवाळी गोड वाटते ती उडीच्या वेळी दगा देते. दोन्ही गुण एका स्क्रूच्या एका स्थितीत नांदत नाहीत. म्हणून या विद्येत अचूक असे उत्तर नसतेच. असते ती तडजोड, आणि आपण कोणत्या गोष्टीबद्दल तक्रार करावयाचे सोडून दिले आहे हे आधी ठरवल्याखेरीज ती करता येत नाही. पुतण्याने गाडीच्या धुरळ्यात बोटाने आपली निवड लिहून ठेवली, ‘दगड’. उड्यांचा नाद त्याने त्या दिवसापुरता तरी सोडला.

या दीक्षेचा परिणाम गाडीपुरता राहिला नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. त्याच्याविरुद्ध गल्लीतल्या रहिवाशांनी पूर्वी वेळोवेळी अर्ज केले होते. ‘गतिरोधक फार त्रासदायक असून त्वरित लक्ष घालावे’ असा त्यांचा मजकूर, आणि ‘लक्ष घालण्यात येत आहे’ असे त्यांस उत्तर. पुतण्या एके दिवशी सॅगची फीत घेऊन भर रस्त्यात बसला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या ९९ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत असा उंचवटा ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटीमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस असावा, असे सांगितले होते. आमचा गतिरोधक रुंदीने जेमतेम दीड हात आणि उंचीने वीतभर भरला. कंसाचे तर नावच नव्हते. पुतण्याने अर्ज लिहिला. त्यात अलीकडच्या कडेचा चढ, पलीकडच्या कडेची धार, चाक चढताना दांड्यास मिळणारी गती आणि उतरताना मागच्या स्वाराच्या मणक्यास होणारी पोच, असे सारे आकड्यांसह मांडले होते. मी फक्त ‘कळावे’ घातले.

अशा अर्जास मोघम उत्तर देता येत नाही, हे मी स्वानुभवाने जाणतो. संबंधित कार्यालयाचे अभियंतासाहेब एका सायंकाळी खरोखरच स्कूटरवरून आले. त्यांनी गतिरोधक स्वतःच्या फितीने मोजला, पुतण्याचे आकडे बरोबर असल्याचे मान्य केले, वहीत टिपण केले आणि चहास होकार दिला. चहा घेताना त्यांची नजर अंगणातल्या उंच गाडीवर आणि तिच्याशेजारी मांडलेल्या पान्यांवर वारंवार जात होती. अखेर कप खाली ठेवून ते जरा संकोचाने म्हणाले, “शॉकअपचं तुम्हांला कळतं असं दिसतं. आमच्या स्कूटरचा मागचा शॉकअप फार त्रास देतो हो. काय करावं?”

“नेमका काय त्रास देतो?” पुतण्याने विचारले.

“त्रास म्हणजे... त्रासच. सगळीकडे.”

पुतण्याने माझ्याकडे पाहिले, फीत उचलली, वजनकाटा पुढे सरकवला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, “साहेब, चपला काढून यावर उभे राहा. पिशवी मात्र खांद्यावरच असू द्या.”